तुरळक ठिकाणी

चैत्र लागला की शिरूर आणि दौंड तालुक्यात दोन गोष्टी एकदमच तापायला लागतात, आभाळ आणि जत्रांचे फड. गावोगाव तांबडी माती टाकून आखाडे सजतात, हलग्या कडाडतात, आणि त्या हलगीच्याही वर ज्याचा आवाज चढतो तो माणूस म्हणजे न्हावऱ्याचा माऊली.

माऊली पैलवान नव्हता. तरुणपणी एकदाच हौसेनं मातीत उतरला आणि खांदा निखळवून बाहेर आला. तेव्हा वस्ताद मारुतराव म्हणाले होते, "तुझ्या अंगात बळ न्हाई, पर गळ्यात हाय. धर ह्यो माइक." तो धरलेला माइक पुन्हा सुटला नाही. घरी शेवंती होती, झेंडू होता. एरवी तो आणि बायको म्हाळसा मिळून बघायचे. जत्रांच्या दिवसांत मात्र फुलं एकटी म्हाळसाच तोडायची आणि हा कुठल्या ना कुठल्या फडावर कुस्त्यांचं निवेदन करत असायचा. कोणता पैलवान कुठल्या तालमीचा, त्याचा मामा कोण, तो दूध म्हशीचं पितो का गाईचं, सगळं त्याला ठाऊक. ठाऊक नसेल तर विचारायचा. विचारायची त्याला खोडच होती. एसटीत नव्या माणसाशेजारी बसला, तर उतरेपर्यंत त्याचं गाव, सोयरेधायरे, पीकपाणी आणि गुडघेदुखी सगळं याला पाठ झालेलं असायचं.

यंदा ही खोड आभाळाकडं वळली.

सोमवारी सकाळी मोबाइलवर आठवड्याचा हवामान अंदाज आला. माऊलीनं तो ओट्यावर बसून मोठ्यानं वाचला. "पुणे जिल्ह्यात पुढील आठवड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि सोसाट्याच्या वाऱ्यासह पावसाची शक्यता."

"आवं, घरात बसलाय तुम्ही, फडावर न्हाई," म्हाळसा आतून म्हणाली. "शेजारची म्हस बिचकली तिकडं."

"म्हाळसा, ह्ये तुरळक ठिकाण कुठं आलं गं?"

"आसंल की पुरंदरकडं कुठंतरी."

माऊली हसला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मागच्या सोमवारीही हेच वाक्य होतं. त्याच्या आधीच्याही. मग मागच्या आठवड्यात हे तुरळक ठिकाण नेमकं कोणतं निघालं? ज्या गावात फड तिथं त्याची ओळख, त्यामुळं फोन लावायला माणसांची वाण नव्हती. वरवंडला विचारलं, तर म्हणाले रस्ते धुऊन निघाले. पाटसला विचारलं, तर तिथं नुसती धूळ उडाली होती. तळेगाव ढमढेऱ्याला भाजीवाला दोस्त होता. तो म्हणाला, "माऊली, बाजारात अर्ध्या पालांवर पडला आन् अर्धी कोरडी. माझी कोथिंबीर भिजली, पलीकडल्याच्या वांग्यावर थेंब न्हाई."

आता तर त्याची उत्सुकता जास्तच चाळवली. अंदाजाच्या खाली एक नंबर होता, शेतकऱ्यांनी शंका विचारण्यासाठी. माऊलीनं सरळ तोच लावला.

पलीकडून एका तरुण बाईचा आवाज आला. सायली नाव. हवामान शिकलेली होती आणि शेतकऱ्यांसाठी दर आठवड्याचा सल्ला तीच लिहायची.

"मॅडम, मी न्हावऱ्याहून माऊली बोलतोय. तुमचा अंदाज वाचला. त्यातलं तुरळक ठिकाण म्हंजी नेमकं कंचं गाव?"

ती हसली, पण हसण्यात थट्टा नव्हती. "गाव नाही हो ते, मामा. जिल्ह्यात पाऊस मोजायची जेवढी ठिकाणं आहेत, त्यांतल्या फार तर पाव ठिकाणी पडेल, असा अर्थ."

"मग त्या पावात न्हावरं बसतंय का न्हाई?"

"ते आज सांगता आलं असतं तर मीच सुखी झाले असते. घरी भात शिजताना बघता ना तुम्ही?"

"बघतो की."

"पाणी तापलंय, आता रटरटणार, एवढं आपल्याला कळतं. पण पहिला बुडबुडा पातेल्यात कुठं फुटेल, सांगता येईल? आठवड्याच्या अंदाजात आम्ही पातेलं तापणार आहे एवढं सांगतो. ढग उभा राहिला की तो रडारवर दिसतो, मग तास-दोन तास आधी कळतं कुठं निघालाय. तेही कधी चुकतं. एक ढग वाटेत विरतो, दुसरा भलतीकडंच उगवतो."

माऊली थक्क झाला. एवढी शिकलेली बाई, आणि आपल्याला काय ठाऊक नाही ते इतकं सरळ सांगते! फडावर एवढं सरळ बोलणारा पंच त्यानं पाहिला नव्हता.

"मग आमच्यासारख्यानं वळखायचं कसं?"

"फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा पांढरा ढग वर वर चढत गेला, आणि मग त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरला, की तो पिकला समजायचं. आणि मामा, सगळ्यांत महत्त्वाचं. गडगडाट कानावर आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी."

"ऊन आसलं तरी?"

"तरी. ढगापासून कितीतरी लांब जाऊन पडते ती. तेव्हा माळावर थांबायचं नाही, झाडाखाली तर नाहीच नाही. पक्क्या घरात जायचं, नाहीतर बंद गाडीत."

फोन ठेवला तेव्हा माऊलीला नवा डाव शिकल्यासारखं वाटत होतं. लगेच त्यानं आपल्या लेकीला फोन लावला. पिंकी भीमेच्या पलीकडं कानगावात दिलेली. तिला त्यानं सांगून टाकलं, की रोज दुपारनंतर आभाळ बघायचं आणि कळवायचं.

"आप्पा, मी भाकरी थापू का ढग बघू?"

"भाकरी थापता थापता बघ की. खिडकी हाय ना चुलीवर?"

पिंकी कुरकुरली खरी, पण चौकसपणा बापाचाच होता. संध्याकाळपर्यंत तिनं तीन-चार ढगांचे फोटो पाठवले. खाली लिहिलं होतं, ह्यातला फ्लॉवर कंचा?

मंगळवारी दौंड तालुक्यात, नदीपलीकडच्या एका गावात फड होता. कुस्त्या रंगात आल्या होत्या आणि माऊलीचं निम्मं लक्ष वर. तेवढ्यात त्याला दिसला. पूर्वेला एक पांढराशुभ्र गड्डा फुगत फुगत वर चढत होता. अगदी मॅडमनं सांगितला तसा. माऊलीला राहवलं नाही. चालू कुस्तीत त्यानं माइकवरून आरोळी ठोकली, "मंडळी, ढग आला! विजेचा ढग हाय! उठा, घरं जवळ करा!"

फड उधळला. लोकांनी चपला टाकून पळ काढला. आखाड्यातले दोघं पैलवान एकमेकांचे हात तसेच धरून आभाळाकडं बघत राहिले. आणि ढग? तो थोडा वेळ तिथंच रेंगाळला, मग कडेकडेनं विस्कटत गेला, आणि भुईमुगाच्या शेंगा भाजून होईपर्यंत आभाळ धुतल्या ताटासारखं लख्ख झालं.

मग काय विचारता! कुणीतरी त्या आरोळीचं मोबाइलवर चित्रण केलेलंच होतं. बुधवारी ते दोन्ही तालुक्यांत फिरलं. न्हावऱ्याच्या दूध डेअरीवर लोक त्याला बघून छत्री उघडल्याची नक्कल करायला लागले. माऊलीला नवं नाव पडलं, वेधशाळा.

त्यानं पडेल आवाजात सायलीला फोन केला. "मॅडम, तुमचा फ्लॉवर नासका निघाला."

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. "माथा पसरला होता का?"

"न्हाई. गड्डाच होता."

"गडगडाट ऐकलात?"

"न्हाई."

"मग तुमची घाई झाली, मामा. गड्डे खूप उगवतात, पिकतात थोडेच. पण म्हणून पुढच्या वेळी गप्प बसू नका. या आठवड्यात वरचं वारं आग्नेयेकडून आहे. दौंडकडचे ढग नदी ओलांडून तुमच्याकडं येण्याचा संभव आहे. शुक्रवारी जास्त."

शुक्रवारी निमोण्याची जत्रा होती.

जत्रा कमिटीचे अध्यक्ष बाळासो. जमीनजुमल्याचा माणूस, सोसायटीत वजन. बोलायला सावकाश, ऐकायला त्याहून सावकाश. माऊली फडावर पोचला तेव्हा त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "माऊली, तुमच्याबगर आमचा फड सजत न्हाई, ह्ये खरं. पर आज फकस्त कुस्ती. आभाळ आमी बघतो."

"बरं आबा," माऊली म्हणाला. दुसरं काय म्हणणार? मंगळवारपासून त्याची जीभ जरा दबूनच होती.

फड मोकळ्या रानात होता. मधोमध तांबड्या मातीचा हौदा, एका अंगाला बायकांची बसायची जागा, भोवती माणसांचं रिंगण. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर माणसं, बांधावरच्या लिंबाच्या सावलीला माणसं, लिंबाच्या फांद्यांवरही माणसं. हौद्याच्या कडेला लोखंडी पाइपांचा उंच मनोरा उभा केला होता, त्यावर दिवे आणि कर्णे. त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी माऊलीचं टेबल. तो आला तसं ट्रॉलीवरून कुणीतरी ओरडलं, "आली रं आली, वेधशाळा आली!" आणि रिंगणभर खसखस पिकली.

पुढच्या रांगेत मानाच्या खुर्चीवर वस्ताद मारुतराव बसले होते. आता पार थकलेले, गुडघ्यांवर पट्टे बांधलेले, पण फेटा तसाच ताठ. माऊलीनं जाऊन त्यांच्या पायाला हात लावला.

शेवटची मानाची कुस्ती चांदीच्या गदेसाठी होती. निमोण्याचा विश्वजीत आणि दौंडचा विक्रम. तालुक्याविरुद्ध तालुका. ती बघितल्याशिवाय कुणी जागचं हलणार नव्हतं.

ऊन उतरायला लागलं. कुस्त्या एकामागून एक सुटत होत्या, हलगी घुमत होती. माऊलीनं मनाला वेसण घातली होती आणि मान वर करायचीच नाही असं ठरवलं होतं. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. पिंकी.

"आप्पा, हितं लय मोठं झालंय!" मागून पत्र्यावर दगड पडल्यासारखा आवाज येत होता. "बोराएवढ्या गारा पडत्यात. गोठ्याचा पत्रा उडाला. वीज पडली कुठंतरी जवळच, कान बसले माझं. लाईट गेली."

"तू घरात हाय ना? लेकरं कुठं हायती?"

"समदी घरात हाय. आप्पा, ढग तुमच्याकडंच निघालाय. नदीच्या दिशेनं."

माऊलीनं फोन कानाला धरूनच दक्षिणेकडं बघितलं, आणि तो विसरूनच गेला की हौद्यात कुस्ती चालू आहे. माळाच्या पलीकडं ढगाची भिंत उभी होती. खाली निळीकाळी, मधे पांढरी, आणि सगळ्यांत वर माथा असा आडवा पसरलेला, जणू कुणा दांडग्या लोहाराची ऐरण कलती करून ठेवली आहे. इतकं देखणं काही त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. फडावर मात्र पिवळंधमक ऊन. सगळ्यांच्या नजरा हौद्यातल्या कुस्तीवर.

गडगडाट ऐकलात? मॅडमचा प्रश्न त्याला आठवला. कान देऊन बघितलं, पण हलगीच्या कडकडाटात दुसरं काही ऐकू येणंच शक्य नव्हतं.

चालू कुस्ती निकाली निघाली. माऊलीनं माइक घेतला. "हलगीवाले, जरा दम घ्या. मंडळी, आता मानाची कुस्ती. त्याच्या आधी ह्या मातीसाठी झटलेल्या जुन्या मल्लांची आठवण म्हणून एक मिनिट शांत बसू या."

हलगी थांबली. लोकांनी टोप्या काढल्या. एवढा मोठा फड, पण चिडीचूप. आणि त्या शांततेत माऊलीला ऐकू आलं. लांब कुठंतरी, कुणी मोठं जातं ओढावं तसा घरघरणारा, लांबत जाणारा आवाज. थांबला. पुन्हा आला.

म्हणजे वीज इथवर पोचत होती. या उन्हात, या माणसांत, आणि आपण लोखंडी मनोऱ्याला टेकून उभे आहोत.

तो बाळासोंच्या कानाशी गेला. "आबा, फड उठवाय पायजे. गडगडलं."

बाळासोंनी सावकाश मान वळवली. "माऊली, मानाची कुस्ती लागल्याबगर ह्यो फड उठायचा न्हाई. आन् तुमी सांगितलं तर त्याहून न्हाई. लोक हासतील."

हे मात्र खरं होतं. वीज हा शब्द माऊलीच्या तोंडून निघाला असता तर ट्रॉलीवरच्यांनी शिट्ट्या वाजवल्या असत्या. सगळ्या गर्दीकडं त्यानं एकदा नजर फिरवली. कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, लिंबाखाली दाटीवाटीनं बसलेली म्हातारी माणसं. यांना वीज उठवणार नाही, तर यांना काय उठवील? इतकी वर्षं त्यानं गर्दी हाताळली होती. गर्दी भीतीनं उठते आणि हावेनंही उठते. भीतीचं नाणं त्यानं मंगळवारीच वाजवून संपवलं होतं.

त्यानं माइक तोंडाशी धरला आणि घसा खाकरला.

"ऐका हो मंडळी! कमिटीनं ठरिवलंय, ह्या वर्षाची मानाची कुस्ती ह्या मातीत न्हाई! ती हुणार रस्त्याकडच्या मंगल कार्यालयात! जागा बेताची हाय. जो आधी पोचंल त्यो म्होरं बसंल! बायाबापड्या आन् लेकुरवाळ्या आधी, मग म्हातारी माणसं, मग बाकीची. आन् पैलवान सगळ्यांत शेवटी, म्हंजी तुमच्या आधी कुस्ती लागायची न्हाई. पळू नका, सावकाश चला!"

एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. मग बायकांच्या बाजूनं गलका उठला. एक म्हातारी नातवाला काखोटीला मारून चालायला लागली, तिच्यामागं दुसरी, आणि मग फडच्या फड हलला. लिंबावरची माणसं पिकल्या जांभळासारखी टपाटप खाली आली.

बाळासोंचा चेहरा लालबुंद झाला होता. माऊलीनं माइकचं बटण बंद केलं. "आबा, मी खोटं बोललोय. आता ते खरं करायचं तुमच्या हातात हाय."

बाळासो काही बोलणार, एवढ्यात वारं आलं. ते उन्हाळ्याचं वारं नव्हतंच. गार, ओलं, मातीचा वास घेऊन आलेलं, एकदम अंगावर आदळणारं. बाळासोंची टोपी उडून हौद्यात पडली. त्यांनी वळून दक्षिणेकडं बघितलं, आणि त्या सावकाश माणसाला माऊलीनं पहिल्यांदाच घाई करताना पाहिलं. एका हातानं त्यांनी फोन काढला, "कार्यालयाचं शटर उघड, आत्ताच्या आत्ता," आणि दुसऱ्या हातानं माऊलीकडचा माइक ओढून घेऊन पुन्हा चालू केला. "आध्यक्ष बोलतोय. कार्यालयात न मावतील त्यांनी शाळंत जावा. जीपगाड्यावाल्यांनो, माणसं आत घ्या आन् काचा लावा. झाडाखाली कुणी ऱ्हायचं न्हाई." मग त्यांनी माइक टेबलावर टाकला आणि दोघंही मनोऱ्यापासून दूर झाले.

फड रिकामा व्हायला लागला. ऊन कधी गेलं ते कळलंच नाही. सगळीकडं हिरवट, शेवाळल्यासारखा उजेड पडला. माऊलीनं मागं वळून पाहिलं, तर मानाच्या खुर्चीत वस्ताद मारुतराव तसेच बसलेले.

"वस्ताद, चला."

"मानाची कुस्ती मातीतच हुतीया. कार्यालयात लगीन लावत्यात," म्हातारा खुर्चीच्या हातांवरची पकड सोडीना. "मी ह्या मातीत मराय तयार हाय."

आभाळ फाटल्यासारखं चमकलं, आणि पाठोपाठ जमीन हादरवणारा आवाज आला.

"तुमी तयार हाय, पर मी तुमच्याशेजारी हुबा हाय, वस्ताद! मला आजून बरंच बघायचं ऱ्हायलंय!"

मारुतरावांनी त्याच्याकडं रोखून बघितलं. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी हात पुढं केला. माऊलीनं त्यांच्या काखेत हात घातला आणि दोघं निघाले. वस्तादांचे गुडघे उचलत नव्हते. मंगल कार्यालय एवढं लांब कधीच वाटलं नव्हतं. अर्ध्या वाटेत पहिली गार माऊलीच्या दुखऱ्या खांद्यावर बसली, मग दुसरी, आणि मग मोजायची सोयच राहिली नाही. रस्त्याच्या कडेला माणसांनी भरलेली एक जीप उभी होती. बाळासोंनीच आतून दार उघडलं आणि दोघांना अक्षरशः ओढून घेतलं.

जीपच्या काचेतून माऊलीनं ते बघितलं.

त्याला वाटायचं वीज वरून खाली येते, दोरी सोडल्यासारखी. पण तसं नव्हतं. आधी सगळं जांभळं झालं. मग लोखंडी मनोरा आणि ढग यांच्यामध्ये काहीतरी उभं राहिलं, पांढरं, फांद्याफांद्यांचं, आणि ते विझायच्या ऐवजी तिथंच थडथडत राहिलं, जणू कुणी एकच वात चारदा पेटवतंय. ते खालून वर गेलं का वरून खाली आलं, माऊलीला काही सांगता आलं नसतं. आवाज तर ऐकण्याच्या पलीकडचा. तो छातीतच फुटला. जीपमधल्या बाया एकमेकींना बिलगल्या. डोळ्यांपुढची झापड गेली तेव्हा मनोऱ्यावरचे कर्णे काळे पडले होते आणि माऊलीच्या टेबलावरून धूर निघत होता.

बाळासोंनी नुसता माऊलीच्या मांडीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. फोन काढून माऊलीनं पिंकीला कसंबसं सांगितलं, "आम्ही समदी आत हाय."

वळीव ज्या तोऱ्यात आला त्याच तोऱ्यात गेला. पाऊस ओसरून गडगडाट पार लांब जाईपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही, असा दम बाळासोंनी भरला आणि लोकांनी तो निमूटपणे मानला. बातम्या मागाहून येत राहिल्या. शिवारातली एक बाभूळ उभी चिरली होती. कुणाच्या रचून ठेवलेल्या कांद्याच्या आरणीवरचा प्लॅस्टिकचा कागद उडून कांदा भिजला होता. घाईत एकीचा पाय मुरगळला होता. माणूस मात्र एकही दगावलं नव्हतं.

आणि मग मंगल कार्यालयात मानाची कुस्ती झाली, कारण माऊलीनं तसं जाहीर केलं होतं आणि बाळासोंनी त्याचं बोलणं खाली पडू दिलं नाही. लाईट नव्हती, कर्णे जळालेले. लग्नातल्या गाद्या अंथरल्या, मोबाइलचे दिवे लागले. माऊली माइकविना ओरडत होता आणि त्याचा आवाज अधूनमधून चिरकत होता, पण कुणी हसलं नाही. विश्वजीतनं दोनदा पायांत शिरून पट काढायला बघितलं. विक्रमनं दोन्ही वेळा त्याला झुकांडी दिली आणि तिसऱ्यांदा ढाक लावून असा चितपट केला, की गादीखालच्या फरशीचा आवाज आला. दौंडचा पैलवान जिंकला आणि निमोण्याच्या लोकांनीच त्याला खांद्यावर घेतलं. आज त्यांना कुणालातरी खांद्यावर घ्यायचंच होतं.

"गादीवरची कुस्ती," मारुतराव पुटपुटले. पण टाळ्या त्यांनीही वाजवल्या.

बाहेर आले तेव्हा पश्चिमेला केशरी उजेड फाकला होता आणि उत्तरेला, घोडनदीच्या अंगाला, तोच ढग मुक्यानं लुकलुकत चालला होता. हौद्यात तांबडं पाणी साचलं होतं, त्यावर गारा तरंगत होत्या. माऊली वाकला. एक सगळ्यांत मोठी, सुपारीपेक्षाही थोर गार त्यानं उचलली आणि उजेडाकडं धरली. आत काहीतरी दिसत होतं.

"वस्ताद, अडकित्ता द्या जरा."

मारुतरावांनी चंचीतून अडकित्ता काढून दिला. माऊलीनं गार मधोमध कापली. बाळासो शेजारी येऊन वाकून बघायला लागले. आत कांद्यासारखे थर होते. एक पांढरा, दुधाळ. मग एक काचेसारखा आरपार. मग पुन्हा पांढरा, पुन्हा आरपार, अगदी गाभ्यापर्यंत.

"आयला," बाळासो म्हणाले. "ह्याला पाकळ्या कशानं पडल्या?"

"काय की, ह्ये हवामानाच्या मॅडमनी सांगितलंच न्हाई," माऊली म्हणाला. "एकदम गोठली आसती तर एकच रंग आसता. म्हंजी ही वर दोन-चार येळा भिजली आन् गोठली आसंल. पर एकदा खाली पडाय लागलेली गार परत वर कशी जाईल, आबा?"

"वारं नेत आसंल."

"एवढी जड? किती जोराचं वारं म्हणायचं ते?"

तिघं त्या अर्ध्या गारेवर डोकी घालून उभे राहिले. तळव्यावरून गार पाणी माऊलीच्या बाहीत उतरत होतं, आणि गाभ्यातला पांढरा ठिपका डोळ्यांदेखत लहान होत होता.

"त्या तुझ्या बाईला फोन लाव," मारुतराव म्हणाले, "आन् बिगीनं विचार. वितळतंय ते."